औषध अडतं, मग जंतू आत गेलाच कसा?

एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या धाकट्या भावाला, वय ३१, तीन दिवस ताप आणि डोकेदुखी होती. चौथ्या दिवशी तो असंबद्ध बोलायला लागला. पाठीतलं पाणी तपासून डॉक्टरांनी ‘जिवाणूंचा मेंदूज्वर’ असं सांगितलं. आज उपचारांचा सहावा दिवस. भाऊ शुद्धीवर आहे, चहा पितो, घरी न्या म्हणून मागे लागलाय. उजवा कान लहानपणापासून अधूनमधून वाहतो. ताई विचारतात, ‘मेंदूभोवती असा पडदा असतो म्हणे की बहुतेक औषधंसुद्धा आत जात नाहीत. मग एवढा मोठा जंतू कसा गेला? जंतुसंसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबणारं स्टिरॉइड का दिलं? आणि आता बरा दिसतोय तर इंजेक्शनं बंद करून गोळ्या का देत नाहीत?’

ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांची गाठ एकाच ठिकाणी आहे. तो पडदा नेमका काय आहे आणि आजारात त्याचं काय होतं हे कळलं की स्टिरॉइडचं आणि इंजेक्शनांचं कोडं आपोआप सुटतं. आधीच सांगतो, तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही. जंतू कोणता निघाला, तो रक्तातून गेला की कानातून, आणि पहिलं इंजेक्शन किती तासांनी मिळालं, या तीन गोष्टींवर बरंच काही ठरतं. त्या तुमच्या डॉक्टरांकडूनच कळतील. मी फिजिशियन आहे, पंचवीसेक वर्षं आयसीयूत असे पेशंट बघतोय, त्या अनुभवावरून लिहितो.

‘मेंदूभोवती पडदा’ म्हटलं की डोळ्यांसमोर पिशवीसारखं काहीतरी येतं. मेंदूभोवती आवरणं आहेत, तीन आहेत, पण ब्लड-ब्रेन बॅरिअर, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर, म्हणतात ते हे नव्हे. ते आहे मेंदूतल्या प्रत्येक बारीक केशवाहिनीच्या भिंतीत. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले, तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र पांढराच राहिला. त्यांना वाटलं, मेंदूला रंग धरतच नसावा. पुढे १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी तसाच रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदू रंग घेत होता, रक्तातून तो तिथवर पोहोचत नव्हता.

हा अडसर कशाचा, ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर १९६० च्या दशकात दिसलं. हातापायातल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना कच्च्या धावदोऱ्याने जोडल्यासारख्या असतात, मधल्या फटींतून पाणी, साखर, औषध झिरपतं. मेंदूतल्या पेशी मात्र अशा घट्ट शिवलेल्या असतात की फट म्हणून राहत नाही. जे आत जायचं ते पेशीच्या पोटातूनच जाणार. त्यातही ते चरबीत विरघळणारं हवं, नाहीतर त्याला ने-आण करणारं खास प्रथिन हवं. शिवाय या पेशींच्या अंगावर पंप असतात. चुकून आत शिरलेली बरीच औषधं ते परत रक्तात फेकून देतात. बाहेरच्या बाजूने मेंदूच्या सहायक पेशींचे पाय या वाहिनीला वेढून असतात आणि ‘शिवण घट्ट ठेव’ असा निरोप सतत देत असतात.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. औषध हा निर्जीव कण. तो ढकलू शकत नाही, फसवू शकत नाही, वाढू शकत नाही. जंतू लांबीने त्याच्या हजारपट मोठा असेल, पण तो जिवंत आहे. त्यातले काही जंतू हजारो वर्षं माणसाच्या नाकाघशात मुक्काम करून आपल्या पेशींची भाषा शिकलेत. मी ज्युनिअर मुलांना सांगतो, औषधाला हातपाय नाहीत, जंतूला आहेत. मेनिंगोकोकस या मेंदूज्वराच्या जंतूच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं आहे, त्याच्या अंगावर केसांसारखे आकडे असतात.

हे आकडे तो वाहिनीच्या भिंतीत अडकवतो आणि वाहत्या रक्तातही तिथे ठाण मांडून वाढतो. मग तो आतल्या पेशीला असे संकेत देतो की शिवणीची प्रथिनं शिवण सोडून जंतूच्या खाली गोळा होतात. टाके सुटले की हे दोन पेशींच्या मधून आत. न्यूमोकोकसची तऱ्हा वेगळी. मोठ्या माणसांत सर्वांत जास्त दिसणारा जंतू हाच. त्याच्या भिंतीवर एक रसायन असतं, ते आपल्याच शरीरातल्या एका दाहजनक पदार्थासारखं दिसतं. वाहिनीची पेशी फसते, त्याला आपला समजून कवेत घेते आणि पोटातून पलीकडे नेऊन सोडते. शरीरात आधीच ताप-सूज असेल तर या पेशींवर अशी कडी-कोयंडे जास्त उगवतात, म्हणजे आजार स्वतःच दार मोठं करतो. तिसरी वाट लिस्टेरियासारख्यांची. हा जंतू आपल्याच पांढऱ्या पेशीच्या आत लपून, पहारेकऱ्याच्या गणवेशात, आत जातो. पन्नाशीपुढची माणसं, गरोदर बायका आणि नवजात बाळं यांत त्याची शंका ठेवावी लागते, कारण सेफ्ट्रियाक्झोन या नेहमीच्या अँटिबायोटिकला तो दाद देत नाही. त्याला अँपिसिलिन लागतं.

पण रक्तात जंतू आले म्हणजे ते मेंदूत जातातच असं नाही. दात घासतानाही थोडे जंतू रक्तात जातात आणि मिनिटांत साफ होतात. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी हा जंतू) यांच्या अंगावर साखरेचं गुळगुळीत कवच असतं, पांढऱ्या पेशींच्या हातातून ते निसटतात. त्यामुळे ते रक्तात टिकतात, वाढतात, आणि संख्या एका पातळीच्या वर गेली की मगच मेंदूच्या दारावर धडका सुरू होतात. आपल्या लसी नेमक्या या कवचाविरुद्ध आहेत. हिबची लस भारतात २०११ पासून पेंटाव्हॅलंट या पाच-रोगांच्या एकत्र लसीतून टप्प्याटप्प्याने आली, न्यूमोकोकसची सरकारी लसीकरणात २०१७ पासून. निवासी डॉक्टर असताना बालरोग विभागात हिबच्या मेंदूज्वराची बाळं नेहमी असायची. आजच्या विद्यार्थ्यांना ती क्वचितच बघायला मिळतात.

आता तुमच्या भावाचा कान. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण त्याच्या बाबतीत वर लिहिलेलं सगळं कदाचित लागूच होत नसेल.

वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात काही वेळा कातडीच्या पापुद्र्यांचा एक गोळा साचतो, त्याला कोलेस्टिआटोमा म्हणतात. हळूहळू तो हाड खातो. मध्यकर्णाचं छत आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये हाडाचा एक पातळ पत्राच असतो. त्याला भोक पडलं की जंतूला रक्तात जायची गरज नाही, ब्लड-ब्रेन बॅरिअरशी त्याचा संबंधच येत नाही. मागच्या दारातून तो थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतो. डोक्याला मार लागून कवटीच्या तळाला तडा गेला असेल आणि नाकातून पाण्यासारखा स्राव येत असेल, तर तीही अशीच वाट. अशा पेशंटला मेंदूज्वर पुन्हा पुन्हा होतो, भोक बुजवेपर्यंत. या वाटेने येणारे जंतूही वेगळे असू शकतात आणि त्यांची औषधंही. म्हणून ‘कल्चरमध्ये काय आलं’, म्हणजे लॅबमध्ये वाढवून बघितल्यावर कुठला जंतू निघाला, हे डॉक्टरांना जरूर विचारा. ‘कान वाहतो’ हे त्यांना सांगितलंय ना, तेही बघा. घरच्यांना वाटतं ती जुनी, किरकोळ गोष्ट आहे. मेंदूज्वरात ती किरकोळ नसते.

वाट कुठलीही असो, आत पोहोचल्यावर जंतूला रान मोकळं मिळतं. मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवती सुमारे १५० मिलीलिटर पाणी असतं. रोज साधारण ५०० मिलीलिटर नवं तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. नितळ, थोडं साखरेचं, उबदार. रक्तातल्या प्रतिपिंडांना आणि जंतूला चिकटून त्याला मारायला मदत करणाऱ्या प्रथिनांना तो पडदा इथे येऊ देत नाही. ज्या अडसराने मेंदूला जपलं, त्यानेच पहारेकरी बाहेर ठेवलेले असतात.

पाठीतलं पाणी काढताना हे डोळ्यांना दिसतं. पेशंटला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचं, कमरेच्या मणक्यांमधून सुई सरकवायची. एका क्षणी बोटांना हलकीशी ‘टक्’ जाणवते, तेव्हा आतली तार काढायची आणि थेंबाची वाट बघायची. निरोगी पाणी इतकं स्वच्छ असतं की काचेच्या नळीमागे धरलेला छापील कागद वाचता येतो. जिवाणूंच्या मेंदूज्वरात येतं ते तांदळाच्या धुवणासारखं, आणि बऱ्याचदा जोरात. तो गढूळपणा जंतूंपेक्षा आपल्या पांढऱ्या पेशींचा जास्त असतो. एरवी एका घनमिलिमीटरमध्ये पाचाच्या आत पेशी, इथे हजारो. साखर एरवी रक्तातल्या साखरेच्या दोन तृतीयांश, इथे कधी कधी जवळपास शून्य. म्हणूनच आम्ही त्याच वेळी बोटाला टोचून रक्तातली साखरही बघतो, नुसत्या एका आकड्यावरून फसायला होतं. पाण्याचा थेंब काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तासाभरात लॅबमधून फोन येतो, ‘सर, जांभळ्या जोड्या दिसतायत.’ म्हणजे बहुधा न्यूमोकोकस. गुलाबी जोड्या आणि त्याही पेशींच्या पोटात असतील तर मेनिंगोकोकस, मग घरच्यांनाही प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. न्यूमोकोकस असेल तर सहसा ती गरज नसते.

आणि आता स्टिरॉइड.

जंतू पाण्यात वाढायला लागले की त्यांच्या भिंतीचे तुकडे आसपासच्या पेशींना सापडतात आणि त्या धोक्याची घंटा वाजवतात. त्या हाकेला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांना आत यायचं तर वाहिन्यांची शिवण उसवावीच लागते, आणि ती उसवणारी विकरं त्या बरोबर घेऊन येतात. इतके दिवस जंतूने चोरवाट शोधली होती, आता आपलीच फौज वेशीचे दरवाजे उखडून टाकते. वाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं मेंदूत झिरपतात, मेंदू सुजतो. कवटी तर हाडाची, तिला फुगता येत नाही. दाब वाढतो, ग्लानी येते, फिट येतात. पुवात बुडालेल्या रक्तवाहिन्या आकसतात किंवा गुठळीने बुजतात, म्हणजे वरून लकवा. पाणी शोषणाऱ्या जागा पुवाने चोंदल्या तर मेंदूत पाणी साठतं. आतला कान मेंदूभोवतीच्या पाण्याशी एका अरुंद बोळाने जोडलेला आहे, त्यातून दाह तिथे पोहोचतो आणि ऐकू येणं जातं. यातलं बरंचसं नुकसान जंतूपेक्षा आपल्या प्रतिकारामुळे होतं.

त्यात आपण अँटिबायोटिक देतो. सेफ्ट्रियाक्झोनसारखी औषधं जंतूची भिंत फोडतात. एकदम लाखो जंतू फुटले की त्यांच्या तुकड्यांचा आणि विषाचा लोंढा पाण्यात सुटतो आणि दाह काही तास आणखी भडकतो. म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड अँटिबायोटिकच्या थोडं आधी किंवा बरोबर देतात. घंटा वाजायच्या आधी तिचा दोर धरून ठेवायचा. घंटा वाजून गेल्यावर दोर धरून फारसा उपयोग नाही, त्यामुळे उशिरा दिलेल्या स्टिरॉइडचा फायदा कमी होतो. हे नुसतं तर्काने ठरलेलं नाही. २००२ मध्ये युरोपातल्या पाच देशांतल्या ३०१ प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टिरॉइड मिळालेल्यांत ७ टक्के दगावले, न मिळालेल्यांत १५ टक्के. सर्वांत जास्त फरक न्यूमोकोकसच्या रुग्णांत पडला.

पण हे सगळीकडे सारखं लागू होत नाही. आफ्रिकेतल्या मलावीत असाच अभ्यास झाला, तिथे फायदा दिसला नाही. तिथल्या बहुतेक रुग्णांना एचआयव्ही होता आणि बरेच जण उशिरा आले होते. स्टिरॉइडने सूज उतरली की व्हँकोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स आत कमी जातात, हाही एक तोटा हिशेबात धरावा लागतो. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी ते चार दिवस दिलं असेल तर योग्यच केलं. दुसऱ्या कुणी दुसऱ्या पेशंटला दिलं नसेल, तर तेही लगेच चूक ठरत नाही. क्षयाच्या मेंदूज्वरात स्टिरॉइड आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं, पण तो आजारच निराळा. तो दिवसांत येत नाही, दोन-तीन आठवडे कुरकुर, भूक नाही, किरकिर असं करत येतो.

वेळेबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो. निवासी डॉक्टर असताना रात्री एक विशीतला मुलगा आला, ताप, मान आखडलेली, बरळत होता. आम्ही ठरवलं, आधी सीटी स्कॅन, मग पाठीतलं पाणी, मग औषध. स्कॅनला रांग होती. पहिलं इंजेक्शन गेलं तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते, मुलगा येऊन पाच तास झाले होते. तो वाचला, पण दोन्ही कानांनी बहिरा झाला. उशीर झाला नसता तर कान वाचले असते असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण तेव्हापासून माझ्या वॉर्डात नियम आहे. शंका आली की रक्त कल्चरला घ्यायचं, स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक तासाभरात द्यायचं, आणि मग स्कॅनच्या रांगेत हवं तेवढं थांबायचं.

आता गोळ्यांचं. इथे गंमत बघा, सेफ्ट्रियाक्झोन निरोगी मेंदूत फार कमी जातं. आजारात जातं ते शिवण उसवलेली असते म्हणून. तरीही रक्तातल्या पातळीचा छोटासा भागच पलीकडे पोहोचतो, म्हणून डोस दुप्पट, दर बारा तासांनी आणि थेट शिरेतून द्यावा लागतो. आता सहाव्या दिवशी भाऊ बरा दिसतोय म्हणजे काय झालंय? सूज उतरतेय, टाके पुन्हा घट्ट होतायत. पेशंट जितका बरा होतो तितकी औषधाची वाट अरुंद होते. याच वेळी डोस कमी केला किंवा गोळी दिली, तर पाण्यातली पातळी जंतू मारण्याइतकी राहत नाही. कानाकोपऱ्यात उरलेले जंतू पुन्हा उठतात, आणि दुसऱ्यांदा उठलेला मेंदूज्वर पहिल्यापेक्षा वाईट असतो. गोळीतली औषधं पोटातून रक्तात येईपर्यंतच कमी झालेली असतात. म्हणून बरा दिसतानाही तोच मोठा डोस, शिरेतूनच, ठरलेले दिवस. न्यूमोकोकसला साधारण १० ते १४ दिवस, मेनिंगोकोकसला सातेक दिवस पुरतात, लिस्टेरियाला तीन आठवडे. घरी जायची घाई असलेल्या भावाला एवढंच सांगा की औषधाची आत जायची वाट बंद होण्याआधी काम उरकायचंय.

या दिवसांत लक्ष कशावर ठेवायचं? ताप उतरून पुन्हा चढला, डोकेदुखी वाढली, एक हात किंवा पाय जड वाटला, झोपाळू झाला, उलट्या झाल्या, तर सकाळच्या राउंडची वाट न बघता सिस्टरना सांगा. वाहणाऱ्या कानाच्या पेशंटमध्ये मेंदूच्या आत पुवाचा फोड झालेला असण्याची शक्यता असते, त्यासाठी पुन्हा स्कॅन करावा लागेल.

घरी सोडण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, दोन्ही कानांची ऐकण्याची चाचणी. एका कानाने कमी ऐकू येतंय हे माणसाला स्वतःला लवकर कळत नाही. आणि काही जणांत या आजारानंतर आतल्या कानात हाड भरायला लागतं, तसं झालं तर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायच्या यंत्राची, वेळ निघून जाते. दुसरी, कान-नाक-घसा तज्ज्ञांची भेट आणि कानाच्या हाडाचा बारीक सीटी. हाडाला भोक असेल तर ते ऑपरेशनने बुजवावं लागेल. तोवर कानात तेल, पाणी, काडी काही नाही. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, आणि पावसाळ्यात विहिरीत उडी मारायचा बेत असेल तर या वर्षी काठावर बसून बघायचं.